कडबा, चांदणी आणि भरीत-पुरी: खानदेशातल्या धर्मग्रामासाठी नाताळची तयारी

चोवीस डिसेंबरच्या रात्री नऊ वाजता दोन माणसं शिडीवर चढून वायर जोडत आहेत, ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याचं छप्पर अजून अर्धं उघडं आहे आणि गाणाऱ्या मुलींना खुर्च्या मांडायला लावलं आहे. असं झालं की मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, सगळे थकलेले असतात आणि सव्वीस तारखेला चर्चच्या आवारात कुणी फिरकत नाही. यातली चूक आळसाची नसते, ती तारखांची असते. चर्चच्या पंचांगात नाताळचा काळ त्या रात्री सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. म्हणून मोठी कामं तेवीसच्या संध्याकाळी संपतील आणि पुढच्या दिवसांसाठी माणसांत उत्साह शिल्लक राहील, अशा बेताने खालची मांडणी केली आहे. मापं साधारण चारशे माणसांच्या धर्मग्रामासाठी, म्हणजे एका चर्चला जोडलेल्या समाजासाठी, आहेत. जेवणाची मापं शंभर माणसांना धरली आहेत, कारण ती गुणायला सोपी जातात.

आधी तारखा

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे. त्या वर्षी नाताळ शुक्रवारी येतो, पवित्र कुटुंबाचा सण २७ डिसेंबरला, प्रकटीकरणाचा (ज्ञानी पुरुष बाळ येशूच्या दर्शनाला आल्याचा) ३ जानेवारीला आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याचा १० जानेवारीला. म्हणजे पहिल्या मेणबत्तीपासून गोठा उतरवेपर्यंत सहा आठवडे हाताशी आहेत.

खानदेशात आणखी एक तारीख बघावी लागते, ती दत्तजयंतीची. सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार तेव्हाच भरतो. मार्गशीर्ष पौर्णिमा नाताळच्या तोंडावर आली, आणि २०२६ मध्ये ती तशीच येते, की शहादा-नंदुरबार-दोंडाईचा भागात मंडपवाले, स्पीकरवाले, जीपवाले कुणीच मोकळे सापडत नाहीत. नोव्हेंबर संपायच्या आत विसार देऊन ठेवा.

पहिल्याच रविवारी चार गट करा: गोठा, उजेड-आवाज, गाणी, स्वयंपाक. प्रत्येक गट शक्यतो एका वाडीला किंवा पाड्याला द्या, म्हणजे माणसं गोळा करायला वेगळा फोन करावा लागत नाही. एका माणसाकडे दोन गट नकोत. गाणाऱ्यांना तर स्वयंपाकाला अजिबात लावू नका, धुराने घसा बसतो.

याच बैठकीत दुसरी यादी करायची, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची आहे: नाताळला गावात कोण नसणार? धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या पट्ट्यातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेली असतात. एक दिवस आले तरी खाडा पडतो, उचलीतून पैसे कापले जातात, म्हणून मनात असूनही ती येऊ शकत नाहीत. त्यांना "नाताळला या" असा निरोप पाठवण्यात अर्थ नाही. कोणतं कुटुंब कोणत्या फडावर आहे आणि मुकादम कोण, हे नोव्हेंबरातच लिहून ठेवा आणि नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांच्यासाठी राखा. त्याबद्दल शेवटी सांगितलं आहे.

आगमनकाळाचं चक्र

दोन फूट व्यासाचं बांबूचं कडं, त्यावर हिरवा पाला, तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी लावायची. मुलं दरवर्षी ती चौथीला ठेवतात, म्हणून कड्याला खडूने आकडे घाला. कडुलिंबाचा पाला तीन दिवसांत वाळून गळतो. सुरू किंवा अशोकाच्या डहाळ्या आठवडाभर टिकतात. त्या दर शनिवारी बदलायच्या, कारण वाळलेला पाला आणि जळती मेणबत्ती एकत्र नको.

चांदणी

बाजारात प्लास्टिकच्या चांदण्या मिळतात आणि घराच्या ओट्यावर त्या छान दिसतात. पण चर्चच्या दर्शनी भिंतीवर बांबूची मोठी चांदणीच हवी. ती लांबून दिसते आणि मुलांना ती बांधायला शिकवता येते.

चार फुटी चांदणीला दहा कामट्या लागतात. प्रत्येक बरोबर ४८ इंच लांब, पाऊण इंच रुंद, गाठी तासून सपाट केलेली. बांबू वाळलेला असेल तर कामट्या रात्रभर पाण्यात भिजत घाला, नाहीतर वाकवताना चिरफळतात. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून सव्वाअठरा इंचांवर खूण करा. मधे साडेअकरा इंच उरतात. आता पाच कामट्या पाटीवर चांदणी काढतो त्या क्रमाने जमिनीवर मांडायच्या. एक कामटी दुसरीला जिथे ओलांडते तिथे खुणेवर खूण आली की चांदणी आपोआप बरोबर येते, वेगळं माप लागत नाही. शेवटची कामटी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून ओवायची, म्हणजे चौकट डगमगत नाही. पाच टोकं आणि पाच फुल्या बारीक तारेने बांधा आणि तारेची टोकं आत वळवा, नाहीतर तीच पुढे कागद फाडतात. अशीच दुसरी चौकट करा.

दोन्ही चौकटी एकमेकींवर ठेवून फक्त बाहेरची पाच टोकं घट्ट आवळायची. मग आतल्या पाच फुल्यांच्या मधे नऊ-नऊ इंचांच्या पाच काड्या उभ्या घालायच्या. चांदणी फुगते आणि तिला पोट येतं. काड्या बारा इंचांच्या घेतल्या तर ताण टोकांवर येऊन कामटी फाटते. सहा इंचांच्या घेतल्या तर चांदणी चपटी दिसते आणि बल्ब कागदाला टेकतो. एक हात वाकडा दिसत असेल तर दोष बांधणीत शोधू नका. एखादी कामटी अर्धा इंच कमी-जास्त कापली गेलेली असते.

पतंगी कागदाचा रंग सुंदर दिसतो, पण उघड्यावर दव पडून तिसऱ्या रात्री तो लोंबतो. छपराखाली पतंगी कागद, उघड्यावर झिलेटीन. चिकटवायला मैद्याची खळ: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर काचेसारखी दिसेपर्यंत. कागद सैल ठेवू नका आणि फार ताणूही नका. पाठीमागे खालच्या बाजूला तळहाताएवढी खिडकी ठेवा. बल्ब बदलायला हात तिथूनच जातो. बल्ब ९ वॅटचा एलईडी पुरे. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो. टांगताना वरच्या दोन हातांना दोन दोऱ्या आणि खालच्या टोकाला एक ताण-दोरी द्या. खालची दोरी विसरली की चांदणी वाऱ्यावर गरगर फिरते आणि वायर पिळून तुटते.

गोठा

संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण, कडबा, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. तेव्हापासून ही रीत चालत आली. त्यांनी त्या गावात होतं तेच वापरलं. आपल्याकडे गोठा, दावण, गव्हाण हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत आणि डिसेंबरात खरिपाच्या ज्वारीचा कडबा नुकताच रचलेला असतो. अशा वेळी थर्माकोलचा बर्फ आणून पसरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. धाब्याचं घर, बाजूला कापसाचं बोचकं, मागे केळीचं खोड आणि सातपुड्यासारखी निळसर डोंगररांग: हे बघून सातपुड्यातून उतरलेल्या आजीला बाळ आपल्या गावात जन्मल्याचं कळतं.

आठ फूट रुंद, सहा फूट खोल गोठा पुरेसा आहे. तो भिंतीला टेकून आणि उत्तरेच्या वाऱ्याकडे पाठ करून बांधा. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या. चर्चमधली जुनी बाकं उलटी घालून त्यावर फळ्या टाकल्या तरी चालतं. उंच तळाने लहान मुलांना नीट दिसतं आणि शेळ्यांचं तोंड पोचत नाही. हे हसण्यावारी नेऊ नका: आवाराला फाटक नसेल तर पहाटेपर्यंत छपराचा खालचा थर शेळ्या संपवतात.

चार बांबू रोवा, पुढचे सहा फूट, मागचे पाच. फरशीवर खड्डा घेता येत नाही, तिथे तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाळू ठासून बांबू उभे करा. छपराला कडब्याच्या पंचवीस ते तीस पेंढ्या लागतात. पेंढ्या सोडून खालच्या कडेपासून वर असे थर लावायचे, वरचा थर खालच्यावर निम्मा यायला हवा. वरून सुरुवात केली तर प्रत्येक थराची सुतळी उघडी दिसते.

डोंगरासाठी जुनी गोणपाटं सिमेंटच्या पातळ रबड्यात बुडवून विटांच्या उंचवट्यावर टाका. उन्हाळ्यात ती एका दिवसात कडक होतात, डिसेंबरच्या थंडीत दोन दिवस लागतात, म्हणून हे काम वीस तारखेच्या आत. जमिनीला नुसती काळी माती लिंपू नका. वाळताना तिला बोटभर भेगा पडतात आणि मूर्ती कलतात. बारीक मुरूम दोन भाग, काळी माती एक भाग, शेण एक भाग, असं कालवलं की जमीन धरून राहते.

गव्हाचं हिरवं शेत हा गोठ्याचा जीव आहे. नवरात्रात घटातलं धान्य नऊ दिवसांत हातभर येतं, त्या हिशेबाने पंधरा तारखेला पेरलं तर फसगत होते, कारण थंडीत उगवण सावकाश होते. १० डिसेंबरला गहू बारा तास कोमट पाण्यात भिजवा, फडक्यात बांधून एक दिवस मोड आणा आणि बारा तारखेला परातींत पेरा. आठ इंची परातीला ५० ते ६० ग्रॅम, म्हणजे चांगली मूठभर. दिवसा उन्हात, रात्री घरात. सावलीत ठेवलं तर घटासारखं पिवळं राहतं, आणि इथे आपल्याला हिरवं हवं आहे. पाणी शिंपडून द्या, ओतू नका. तळाला भोकं नसतील तर मुळं कुजून वास येतो. तेवीसला कात्रीने चार इंचांवर कापून घ्या, नाहीतर चोवीसच्या रात्री ते आडवं पडलेलं असतं.

मूर्तींच्या जागांचा क्रम पाळा. मरिया आणि योसेफ तेवीसपर्यंत बसवा, गव्हाण रिकामी. रिकामी गव्हाण बघून मुलं विचारतात, आणि तिथेच धर्मशिक्षणाचा तास होतो. बाळ येशू चोवीसच्या रात्री येतो. तीन ज्ञानी पुरुष तोवर आवाराच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या खिडकीत ठेवा आणि दर दोन दिवसांनी चार पावलं पुढे सरकवा. ते प्रकटीकरणाच्या सणाला गोठ्यात पोचले पाहिजेत. हे काम एका मुलाकडे नावाने सोपवा.

आग ही इथली खरी भीती. गोठ्यात फक्त एलईडी, तीही कडब्यापासून एक वीत दूर. हॅलोजन नको, पेटता दिवा नको. आपल्याकडे शेजारपाजारचे सगळ्या धर्मांचे लोक दर्शनाला येतात, मेणबत्त्या आणि अगरबत्त्या घेऊन येतात, नारळही आणतात. त्यांना नको म्हणू नये. गोठ्यापासून सहा फुटांवर वाळूची मोठी परात आणि एक पाट मांडून ठेवा, म्हणजे त्यांच्या श्रद्धेला जागा मिळते आणि कडबा सुरक्षित राहतो. मागे वाळूच्या दोन बादल्या भरलेल्या असू द्या.

कॅरोल

पंधरा ते बावीस डिसेंबर, रोज संध्याकाळी आठ-दहा घरं, प्रत्येक घरी बारा मिनिटं: दोन गाणी, शुभवर्तमानाची चार वाक्यं, प्रार्थना. तिसऱ्या गाण्याचा आग्रह होतो. तो मानला की शेवटच्या घरची माणसं अकरापर्यंत ताटकळतात. बारा ते पंधरा जणांचा गट चांगला. चाळीस जण गेले तर घरात मावत नाहीत आणि यजमानीण चहाच्या काळजीत पडते.

गाणी मराठीत असावीतच, पण एक तरी अहिराणीत किंवा पावरी, मावची या आदिवासी बोलींत घ्या. भुसावळच्या रेल्वे वसाहतीसारख्या ठिकाणी इंग्रजी कॅरोलही लागतं. पट्टी ठरवताना ओळ जिथे सगळ्यांत वर जाते तिथे म्हाताऱ्या माणसाचा आवाज पोचतो का, ते बघा; नाही पोचला तर एक-दोन स्वर खाली उतरा. ढोलकी दवाने उतरते. प्रत्येक घरी शेकोटी असतेच, तिच्यापासून दोन हात लांब धरून पुडी हलकी शेकून घ्या. जवळ धरली तर कातडं ताणून फुटतं.

घरात वर्षभरात मयत झालेली असेल तर आदल्या दिवशी एकाने जाऊन विचारावं, "काकू, यावं ना उद्या?" बहुतेक घरं या म्हणतात. तिथे ढोलकी बाजूला ठेवून एकच शांत गाणं म्हणायचं आणि थोडा वेळ बसायचं. देणगीचा डबा दोघांनी मोजायचा, पावती त्याच रात्री.

वीज आणि आवाज

पन्नास वॅटचे बारा फ्लड लाइट, एक हजार वॅटचा ध्वनिसंच आणि माळा मिळून भार दोन किलोवॅटच्या आत राहतो, म्हणजे साधारण नऊ अँपिअर. मुख्य वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या आणि सुरुवातीला ३० मिलीअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवा. मिस्सेच्या मधोमध वीज जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कुणीतरी त्याच लाइनवर पाणी तापवायचा हीटर लावलेला असतो. स्वयंपाकाची लाइन वेगळीच हवी. दवामुळे जोड ओले होतात: प्रत्येक जोड टेपने गुंडाळून वायरला खालच्या बाजूला झोळ द्या, म्हणजे पाणी जोडात न जाता झोळावरून टपकतं.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत असते; त्या वर्षीच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या यादीत नेमकी कोणती तारीख लिहिली आहे, चोवीस की पंचवीस, ती स्वतः वाचा. दवाखाना किंवा शाळा शंभर मीटरच्या आत असेल तर शांतता क्षेत्राचा विचार आधी करा. सवलत नसेल तर दोन रस्ते आहेत: मिस्सा चर्चच्या आत, आवाज आतल्यापुरता, किंवा मंडपात रात्री आठला सुरू करून पावणेदहाला आटोपती घ्या. लांबच्या पाड्यांवरून बाया-मुलं येत असतील तर दुसरा रस्ता जास्त चांगला.

ती रात्र

डिसेंबरच्या शेवटी जळगाव-धुळ्याकडे पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो. मंडपाच्या उत्तर बाजूला कनात पूर्ण खाली सोडा. सतरंजीखाली ताडपत्री, ताडपत्रीखाली गव्हाचं काड किंवा कडबा. थंडी वरून येते त्याहून जास्त जमिनीतून येते. शेकोटी मंडपाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मुक्कामाला येणाऱ्यांसाठी शाळेची एक खोली आणि घोंगड्या आधीच मोजून ठेवा.

मिस्सेआधी पाऊण तास गाणी. मग बाळ येशूची मिरवणूक सुरुवातीलाच काढून गोठ्यापर्यंत न्या. शेवटी ठेवली की सगळे एकदम उठतात आणि लहान मुलं गर्दीत चेपतात. गौरवगीताला घंटा वाजवायची, आगमनकाळात हे गीत नसतं म्हणून त्या क्षणाला वजन आहे. घंटा वाजवणाऱ्या वेदीसेवकाला खूण कोण करणार ते ठरवा. पहिलं वाचन यशया ९, शुभवर्तमान लूक २. वाचणाऱ्याने आदल्या दिवशी माइकवर एकदा मोठ्याने वाचावं, कारण लूकच्या उताऱ्यात क्विरिनियसचं नाव आलं की जीभ अडखळते. मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीच्या प्रार्थनेत, देव माणूस झाला या देहधारणेच्या शब्दांना त्या दिवशी गुडघे टेकायचे असतात. तिथे थोडं थांबायचं, हे गायकवृंदाला सांगून ठेवा. कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, तीन जण देत असतील तर चारशे माणसांना सोळा-सतरा मिनिटं लागतात. तेवढी गाणी हाताशी ठेवा.

नंतर चहा. शंभर कपांना पाच लिटर दूध, सहा लिटर पाणी, ८०० ग्रॅम साखर, १३० ग्रॅम चहापत्ती, ठेचलेलं आलं शंभर ग्रॅम. सोबत नानकटाई: एक किलो मैदा, ७०० ग्रॅम पिठीसाखर, ६५० ग्रॅम तूप, इतक्यात पंचवीस ग्रॅमच्या नव्वदेक निघतात. थंडीत तूप थिजलेलं असतं म्हणून वितळवायचा मोह होतो. तसं केलं की नानकटाई पसरून चपटी होते. तूप उन्हात ठेवून लोण्याइतकं मऊ करा आणि पांढरं होईपर्यंत फेसा.

पंचवीसची पंगत: भरीत-पुरी

बिर्याणी सगळीकडे होते. खानदेशात डिसेंबर म्हणजे भरिताचे दिवस. बामणोद, आसोद्याची पांढरट हिरवी वांगी तेव्हा ऐन भरात असतात. भरिताचा आणखी एक गुण असा की पंगतीला सगळं गाव बोलावता येतं. चंपाषष्ठी होऊन गेलेली असल्याने जे चातुर्मासात वांगं खात नाहीत तेही जेवतात. माळकऱ्यांसाठी कांदा-लसूण नसलेलं एक पातेलं वेगळं काढा आणि ते वेगळ्याच ठिकाणी वाढा.

शंभर माणसांना २५ किलो वांगी. हाताला हलकी लागणारी, तुकतुकीत सालीची घ्या. जड वांग्यात बिया असतात. देठ ठेवा, बुडाकडे सुरीने एक चीर द्या. चिरेतून कीड दिसते आणि वाफ निघून जाते. चीर नसलेलं वांगं जाळावर फुटतं. सालीला तेलाचा हात.

भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या, पूर्ण वाळलेल्या. नुकत्या उपटलेल्या ओल्या पऱ्हाट्यांनी नुसता धूर होतो आणि भरीत कडवट लागतं. मोकळ्या जागी पऱ्हाट्यांचा गुडघ्याएवढा थर, त्यावर वांगी एकेरी, वरून पुन्हा पातळ थर, मग पेटवा. लांब काठीने उलटत राहा. देठाजवळचा भाग बोटाने दाबल्यावर खचला की वांगं झालं. बूड लवकर शिजतं, देठ मागे राहतो, म्हणून नेहमी देठ तपासा. काढलेली वांगी परातीत झाकून दहा मिनिटं ठेवली की साल सटासट निघते. हात पाण्यात बुडवत सोला, पण वांगं पाण्याखाली धरू नका. धुराचा वास धुऊन गेला की भरीत गेलं.

पंचवीस किलोचा पंधरा-सोळा किलो गर निघतो. त्यात सव्वा किलो हिरव्या मिरच्या आणि अर्धा किलो लसूण भाजून मिठाबरोबर ठेचून घाला. गर ठेचताना रेषा राहिल्या पाहिजेत. मिक्सरमध्ये त्याची लापशी होते. दीड लिटर तेलात एक किलो शेंगदाणे आणि अर्धा किलो खोबऱ्याचे काप तळून घ्या. त्याच तेलात चार किलो कांद्याची पात परता, मग गर टाका. शेवटी एक किलो कोथिंबीर. मीठ पाव किलोपासून सुरू करून चाखत वाढवा.

पुऱ्यांना दहा किलो कणीक, माणशी पाच धरून. पीठ घट्ट मळा, तळणी दोन ठेवा. वडीलधाऱ्यांसाठी कळण्याची भाकरी हवीच: ज्वारी चार भाग, अख्खे उडीद एक भाग, दळतानाच थोडं मीठ. भाजणाऱ्या बायांची सकाळची मिस्सा चुकता कामा नये. म्हणून वांगी पुरुषांनी भाजायची, आणि हे आधी जाहीर करायचं.

सव्वीसनंतर

सव्वीसला आवार झाडून घ्या आणि उरलेली नानकटाई घेऊन आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जा. २८ डिसेंबर निष्पाप बालकांचा दिवस. संध्याकाळी लहान मुलांना आशीर्वाद आणि त्यांच्याच नाटुकल्याचा प्रयोग. चोवीसच्या गर्दीत त्यांचं नाटक कुणाला नीट दिसत नाही, इथे आई-बाप समोर बसून बघतात.

फडावरची मिस्सा याच आठवड्यात. गाड्या भरण्याची वेळ मुकादमाला विचारून संध्याकाळ ठरवा, कारण ट्रक आला की माणसांना उठावं लागतं. बॅटरीवरचा दिवा, घडीची वेदी, ढोलकी, करंज्या, घोंगड्या आणि एक छोटी गव्हाण सोबत न्या. कोपीसमोरच्या (मजुरांच्या झोपडीसमोरच्या) मोकळ्या जागेत उसाच्या पाचटावर ती मांडायची, मात्र मेणबत्ती पाचटापासून दूर, मातीच्या ढेकळावर. गावाकडच्या म्हाताऱ्या आई-बापांचे निरोप मोबाइलवर रेकॉर्ड करून नेले तर लोक ते पुन्हापुन्हा ऐकतात.

प्रकटीकरणाच्या सणाला ज्ञानी पुरुष गोठ्यात पोचतात. मिस्सेनंतर खडू आशीर्वादित करून, दारावर आशीर्वादाची खूण लिहायला, घरोघरी द्या.

बाप्तिस्म्याच्या सणानंतर गोठा उतरवा. कडब्यावर चमकी किंवा रंगाचा फवारा मारला नसेल तर तो गुरांना चालतो. मारला असेल तर घालू नका. गहू शेळ्यांना द्या. मूर्ती कोरड्या फडक्याने पुसून जुन्या सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये ओल धरून रंगाचे पोपडे सुटतात. बाळ येशूची मूर्ती वेगळ्या छोट्या डब्यात ठेवून डब्यावर नाव लिहा आणि तो फादरांच्या कपाटात द्या.